पारखून घेतलेला सुलतान

सुलतान बेकतूतनं सिरियाच्या किनाऱ्यावरचा एक किल्ला घेरला आणि आत निरोप धाडला, ‘मुकाट्यानं किल्ला खाली करा.’ उत्तर घेऊन ओदो नावाचा म्हातारा फिरंगी सरदार आला. मध्ये दुभाषी होता सरकीस. त्याची बहीण त्याच किल्ल्यात नांदत होती, त्यामुळे सुलतानाचा राग भडकू नये म्हणून तो मनात देवाचा धावा करत होता.

ओदो मान ताठ करून म्हणाला, “आमचे मालक राजघराण्यातले आहेत. गुलामांच्या बाजारात विकत घेतलेल्या माणसाचा हुकूम ते ऐकत नाहीत. शब्द न् शब्द सांग. माझ्या नोकराला तुर्की कळतं.”

सरकीसनं नाइलाजानं शब्द न् शब्द सांगितला. सुलतान लहानपणी खरोखरच बाजारात विकला गेला होता. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

“तुझं काय मत, दुभाष्या?”

“हुजूर, सरदार खरं तेच बोलले. बाजारात माणसाचे दात बघतात, दंड चाचपतात, अक्कल जोखतात आणि मगच घेतात. आपल्याला पारखून घेतलंय. यांच्या मालकांना मात्र जसे जन्मले तसे पदरात घ्यावं लागलं.”

सुलतान पोट धरून हसला. “किल्ला मी घेणारच, पण आतल्या कुणाच्या केसाला धक्का लावणार नाही. याला सांग. तुझं मतही सांग, शब्द न् शब्द.”

सरकीसनं सांगितलं. ओदोनं ताठ मान हळूच होकारार्थी हलवली. आपल्या मालकांना तो पाळण्यापासून ओळखत होता.