निळ्या पक्ष्याचा एकच शब्द

एका राज्यात धुंडिराज नावाचा राजा होता, आणि धीर म्हणून त्याला कशाचाच नव्हता. राज्याची रीत साधी. दारी कुणी आलं की आधी गूळपाणी, मग नावगाव. पण समुद्रापलीकडचा जादूगार निळा पक्षी घेऊन दरबारात आला, पक्षी म्हणाला "फिट", आणि राजा ताडकन उठला.

"म्हणजे काय? कुठला शब्द? बोल लवकर!"

जादूगारानं कोरड्या घशानं आवंढा गिळला. "या पाहुण्याला त्याच्या घरी पोचव. तोवर तुझ्या लेकीच्या तोंडी दुसरा शब्द यायचा नाही." पक्षी तिथंच टाकून तो धूर झाला.

राजकन्या सुरंगीला पुनवेला शपथ घेऊन गादीवर बसायचं होतं. आई विचारी, "जेवलीस का गं?" "फिट." "डोकं दुखतंय?" "फिट." शपथ हुकली की गादी चुलत्याची, आणि चुलता तर गादीत नवा कापूस भरायला लागलासुद्धा!

वैतागलेला राजा पक्षी खांद्यावर घेऊन निघाला.

पहिल्या डोंगरावर राक्षस सुतार दार बसवत होता. दार चौकटीत चपखल बसलं. "फिट!" तो गरजला. "शब्द आमचा."

"आला कुठून?"

"ते आमच्या आज्यालाही ठाऊक नाही."

राजानं पक्षी तिथं सोडला. तो परत खांद्यावर.

दुसऱ्या डोंगरावर चेटकिणीच्या अंगणात वाघ थरथरत पडला होता, दातखीळ बसलेली. "फिट आलीय त्याला," ती म्हणाली. "शब्द माझा. या शब्दाचा खापरपणजा म्हणजे झटापट, जुन्या काळी त्याचा अर्थच तो."

"अहो बाई, तो म्हणतो नीट बसलं की फिट, तुम्ही म्हणता कोसळलं की फिट!" राजानं मुकुट आपटला. पक्षी तिथंही राहीना.

तिसऱ्या डोंगरावर एक दगडी गवई बसला होता. "शब्द माझा," दगड बोलला. "लांबलचक गाण्याच्या एका तुकड्याला आम्ही फिट म्हणायचो. आता विचारतो कोण?"

राजानं मटकन बसकण मारली. "तीन घरं! अरे लबाडा, तू नक्की कुणाचा?"

"राजा," गवई हसला, "याला पाणी विचारलंस?"

राजानं शेल्याच्या गाठीतला गूळ सोडला, ओंजळीत झऱ्याचं पाणी धरलं. "बसा. प्या. घाई नाही," दात खात तो म्हणाला.

पक्षी पोटभर प्याला. त्याचा निळा अंगरखा गळून पडला, आणि आत एक नाही, तीन पक्षी!

"आम्ही तीन वेगळे शब्द, एकमेकांचे कुणीच नाही," ते म्हणाले. "वाटेत थंडी, अंगरखा एकच. कुणी 'बसा' म्हटलं असतं तर तेव्हाच काढला असता." एक गवयाच्या खांद्यावर बसला, दोघे आपापल्या डोंगरांकडे उडाले.

पुनवेला सुरंगीनं खणखणीत शपथ घेतली. मग बापाकडे वळली.

"बाबा, गूळ शेल्यातच होता?"

"होता गं."

"आणि तीन डोंगर हिंडलात?"

नव्या राणीचा पहिला हुकूम निघाला. वेशीवर रांजण ठेवायचा, आणि रांजणापाशी बाबा बसणार.

पहिला पाहुणा आला तो जादूगारच. खांद्यावर हिरवा पक्षी. धुंडिराजानं तांब्या पुढे केला, ओठ घट्ट मिटले. प्रश्न पोटात मावेना, कान लाल झाले, पण तो पाणी संपेस्तोवर थांबला.