बिनधुराची चूल

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राण्यासुद्धा हौसेने स्वतः रांधायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात गजराबाई नावाची बाई राहायची. तिच्यासारखी चूल घालणारी त्या अख्ख्या राज्यात दुसरी नव्हती. खोटं वाटत असेल, तर ज्यांचे डोळे चुरचुरायचे थांबले त्यांना विचारा.

कामाला गेली की गजराबाई आधी नुसतीच बसायची. मूठभर ओलं गवत पेटवायची, धूर कुठे वळतो ते बघायची. कोणी घाई केली तर म्हणायची, "वाऱ्याला विचारल्याशिवाय मी मातीला हात लावत नाही." मोठा ताठा होता तिला आपल्या कामाचा, आणि तो तिला शोभायचा.

तिच्या शेजारी गावच्या कारभाऱ्याची बायको राहायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलेल्या, एकमेकींची बाळंतपणं काढलेल्या. कारभारणीच्या घरी चूल पेटली की धुराने माणूस दिसेनासा व्हायचा. एक दिवस डोळे पुसत ती म्हणाली, "गजरा, तूच बघ बाई आता."

गजराबाईने जुनी चूल फोडली. ओढ्याकाठची माती डोक्यावरून आणली, भाताचं तूस घालून पायांनी तुडवली. आठ दिवस तिच्या स्वतःच्या घरी दुपारची भाकरी संध्याकाळी झाली. चूल वाळली तेव्हा तिने ती पेटवून दाखवली, आणि धूर शहाण्यासारखा सरळ धुराड्यातून निघून गेला.

कारभारीण हरखली. गजराबाई हात धुऊन पदराला पुसत उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आतच कारभारीण हसून म्हणाली, "आपल्यात कसले गं पैसे? तू काय परकी आहेस?"

गजराबाई तशीच घरी गेली. तिला साधं पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

पुढे राणीसाहेबांचा मुक्काम त्या गावात पडला. कारभारणीच्या स्वयंपाकघरात त्या हौसेने भाकरी थापायला बसल्या आणि थक्कच झाल्या. "डोळ्यांत टिपूस नाही! कोणी घातली ही चूल? तशी मला राजवाड्यात हवी."

"आहे आमच्या ओळखीतली एक," कारभारीण ऐटीत म्हणाली. "पुनवेच्या आत घेऊन येते. माझ्या शब्दाबाहेर नाही ती."

राणीसाहेब गेल्यावर ती तडक शेजारी गेली. "गजरा, चल, राजवाड्यात चूल घालायचीय. मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास, तर चूलही तूच घाल," गजराबाई म्हणाली.

कारभारणीने तिचा हात धरला. राणीपुढे शब्द मोडला, तर नवऱ्याचा कारभार जायचा. "अगं, पैशाचं म्हणतेस का? किती द्यायचे ते सांग, आत्ता देते."

"पैसे मी घेणारच नव्हते." गजराबाईने हात सोडवून घेतला. "आठ दिवस माती तुडवताना मी मनात घोळवत होते. तू पैसे पुढे करशील, आणि मी म्हणेन, आपल्यात कसले पैसे! माझ्यापाशी द्यायला तेवढंच होतं. तू ते माझ्या तोंडातून काढून घेतलंस."

कारभारीण खाली मान घालून परत आली. त्या दिवशी त्या सुरेख चुलीवर शिजलेला घास तिच्या घशाखाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताटात खण, नारळ आणि आठ दिवसांची पुरी मजुरी ठेवली. साऱ्या आळीदेखत ती गजराबाईच्या दारात गेली. "माझ्या घरची चूल या बाईने घातली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी तिला मानाने विचारलं नाही. चुकलं माझं."

गजराबाईने खण घेतला, नारळ घेतला. पैसे मात्र परत कारभारणीच्या ओंजळीत ठेवले, आणि राणीला लाजवील अशा ऐटीत म्हणाली, "राहू दे गं. आपल्यात कसले पैसे?"

दोघींचे डोळे भरून आले, आणि तेव्हा तिथे धुराचा मागमूसही नव्हता.

पुनवेच्या आत दोघी मिळून राजवाड्यात गेल्या. गजराबाई ताठ मानेने पुढे, आणि मातीची पाटी घेऊन कारभारीण मागे. राणीसाहेबांनी काम सुरू होण्याआधीच विचारलं, "बाई, काय घ्याल?" तिथे मात्र गजराबाईने आपल्या कामाचं मोल पुरेपूर सांगितलं आणि वाजवून घेतलं. राणीशी तिची कुठे मैत्री होती?

तात्पर्य: ओळखीच्या माणसाने आपलं काम केलं, तर मोबदला आपण पुढे करावा, "राहू दे" म्हणण्याचा मान त्याचा आहे.