सफुराच्या ओढणीखालचा उंचवटा

खाडीकाठच्या एका गावात सफुरा राहायची. तिचा नवरा याकूब आखातात सुतारकामाला होता. गावातल्या बहुतेक घरांचं तसंच होतं. पुरुष समुद्रापलीकडे, बायका इकडे, आणि मधे पत्रं. पत्रं तालुक्याच्या पोस्टात यायची, ज्याची त्याने जाऊन आणायची.

एका वर्षी सुटीवर आलेल्या कुणीतरी बायकोसाठी केसांची क्लिप आणली. क्लिप कसली, कोबीच्या गड्ड्याएवढं कापडी फूलच ते. ते अंबाड्यावर लावायचं आणि वरून ओढणी घ्यायची. म्हणजे फूल कुणाला दिसायचंच नाही, दिसायचा तो नुसता उंचवटा. पण बायांना तेवढं पुरलं. सहा महिन्यांत गावभर तेच खूळ. बायांनी नवऱ्यांना कळवलं, नवऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती क्लिपा धाडल्या. लग्नकार्यात बायका एकमेकींचं तोंड बघायच्या आधी ओढणी बघायला लागल्या. जिचा उंचवटा मोठा, तिच्या नवऱ्याचा तिच्यावर जीव मोठा. असं कुणी ठरवलं ते मला विचारू नका. असलं काही कुणी ठरवत नाही, ते आपोआप ठरतं आणि मग सगळ्यांना त्याच्या तालावर नाचावं लागतं.

सफुरानेही क्लिपेसाठी पत्र टाकलं. याकूबचं उत्तर आलं नाही. एरवी दर पंधरवड्याला लिहिणारा माणूस तो. एक महिना गेला, दोन गेले. ती बाजाराच्या दिवशी पोस्टात जायची, खिडकीशी उभी राहायची आणि रिकाम्या हाताने परतायची. तिच्या मनात नको नको ते यायला लागलं. याकूबने तिकडे दुसरं लग्न केलं असेल, आपल्याला टाकलं असेल, हेच तिच्या डोक्यात बसलं. तो आजारी असेल, हे मात्र तिच्या मनाला शिवलं नाही. माणसाला लाजेचंच भय आधी वाटतं, काय करणार!

तेवढ्यात शेजारच्या जैनबखालाच्या भाचीचं लग्न आलं. सपाट डोक्याने गेलं तर बायका काय म्हणतील, ते सफुराला पक्कं ठाऊक होतं. तिने नारळाची करवंटी घेतली, याकूबची जुनी लुंगी फाडून तिच्यावर गुंडाळली, अंबाड्यावर घट्ट बांधली आणि वरून ओढणी घेतली. लग्नात सगळ्यांनी वळून वळून पाहिलं. गावातला सगळ्यात मोठा उंचवटा तिचाच होता. करवंटी टाळूला रुतत होती, तरी ती दिवसभर हसत होती.

जैनबखालाचा नवरा इलियासचाचा त्याच मुलखात कामाला होता. त्याने घरी लिहिलं की याकूब बऱ्याच दिवसांत कुठे दिसला नाही. सफुराकडे त्याची खबर आहे का ते विचार, नसली तर मी शुक्रवारच्या सुटीत जाऊन शोधून येतो. पत्र घेऊन खाला लगोलग सफुराकडे आली. सफुरा पडवीत जवळा निवडत बसली होती, डोक्यावर करवंटी होतीच. आता घरातही ती काढायची सोय राहिली नव्हती, कोण कधी येईल याचा नेम काय?

"पोरी, याकूबचं पत्र येतं ना गं?" खालाने विचारलं.

तीन महिने झाले खाला, काही कळत नाही, असं म्हणायचं होतं सफुराला. बाई गं, एवढंच बोलायचं होतं! पण खालाची नजर ओढणीवर गेली आणि सफुराने ती पाहिली.

"येतं की," ती म्हणाली. "नाहीतर ही क्लिप कोणी धाडली?"

खालाही माणूसच. तिच्या पोटात जरा दुखलं. तिने नवऱ्याला लिहून टाकलं की दुसऱ्यांची काळजी तुम्ही सोडा, याकूबने बायकोला माझ्यापेक्षा मोठी क्लिप धाडलीय. इलियासचाचाने ते वाचलं, हसला, आणि शुक्रवारी कपडे धूत खोलीवरच राहिला. पुढच्या शुक्रवारीही राहिला.

पाच महिन्यांनी इलियासचाचा सुटीवर आला. सामान घरी न टाकता तो आधी सफुराच्या दाराशी आला. त्याच्या हातात याकूबची पत्र्याची पेटी होती. सफुराला पेटी बघूनच कळलं. ती खाली बसली.

चाचाने सांगितलं ते असं. याकूब कामावर माळ्यावरून पडला. कमरेखालचं अंग लुळं पडलं. सरकारी दवाखान्यात तो सात महिने होता. घरी कळवू नका, बायको खचेल, बरा झालो की मीच लिहीन, असं तो कामावरच्या सोबत्यांना म्हणायचा. दवाखान्यातली भाषा त्याला येत नव्हती, गाववाला कुणी आसपास नव्हता. शेवटी शेवटी तो जेवेनासा झाला. तो गेल्यावर जनाज्याच्या वेळी मशिदीत त्याच्या गावाचं नाव निघालं, तेव्हा कुठे चाचाला कळलं. मातीला चाचा होता, एवढंच काय ते समाधान.

सफुराने विचारलं, "दवाखाना तुमच्यापासून लांब होता का, चाचा?"

चाचा खोटं बोलू शकला असता. पण त्याच्याने ते झालं नाही.

"दोन बसगाड्या बदलायच्या, पोरी," तो म्हणाला. "दर शुक्रवारी गेलो असतो."

रडण्याचा आवाज ऐकून जैनबखाला धावत आली. तिने सफुराला कुशीत घेतलं, तिची ओढणी सैल केली, आणि अंबाडा मोकळा करायला गेली तर हातात करवंटी आली. खाला करवंटीकडे बघतच राहिली. मग आपण नवऱ्याला काय लिहिलं होतं ते तिला आठवलं आणि ती सफुराच्या पाया पडायला लागली. सफुराने तिला पडू दिलं नाही. खोटं आधी मी बोलले, खाला, असं ती म्हणाली.

पुढे सफुरा इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागच्या सुतकाचे, दिवस घरात बसून काढत होती, तेव्हा करवंटीचं ऐकून बायका एकएकट्या यायला लागल्या. एकीच्या ओढणीखाली चिंध्यांचा बोळा होता. एकीने नारळाची सोडणं, म्हणजे वरची चिवट सालं, बांधली होती. तिच्या घरी वर्षभर पत्र नव्हतं आणि ते तिने सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं. सफुराने त्यांना घालूनपाडून काही म्हटलं नाही. त्यांच्या नवऱ्यांची नावं तेवढी विचारून घेतली आणि परत निघालेल्या इलियासचाचाला कागदावर लिहून दिली.

चाचाने दर शुक्रवारी हिंडून दोघांचा पत्ता लावला. एकाचं काम सुटलं होतं, लाजेने तो लिहीत नव्हता. दुसरा तापाने अंथरुणावर होता. त्याला चाचाने घरी धाडला. तो गावात उतरला त्या दिवशी सगळं गाव त्याच्या दारात लोटलं. सफुराही गेली. त्याच्या बायकोने त्याचा हात धरून त्याला घरात नेलं. सफुरा ते बघत उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि तिला तिथून हलवेना.

तात्पर्य: झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण दुखणं झाकलं तर हाकेच्या अंतरावरचा माणूससुद्धा मदतीला येत नाही.