आधी गुलाबी

चूक बागलकोटे मास्तरांचीच होती.

"त्या काळ्या बाईच्या तोंडावर उजेड का नाही, मास्तर?" सिद्रामनं विचारलं.

समोर मास्तरांचं जुनं पुस्तक उघडं होतं. युरोपातली चित्रं. मधोमध गोरी बाई, खिडकीतला सगळा उजेड तिच्या गळ्यावर. मागं तबक धरलेली काळी दासी, एकाच तपकिरीत उरकलेली.

मिरजेतल्या प्रत्येक शिष्याला मास्तरांनी हे चित्र उतरवायला लावलं. गोरीसाठी महिना. दासीसाठी दुपार.

"ती मागं आहे म्हणून," मास्तर म्हणाले.

"मागं कुणी उभी केली?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

सिद्रामनं आपला कॅनव्हास भिंतीला टेकवला. त्याचे वडील. पावसाळ्यात वारले. घरात त्यांचा धड फोटो नाही, म्हणून हे चित्र.

"आई म्हणाली, राख फासलेला हा कोण? तुम्ही शिकवलं तसंच केलं. आधी गुलाबी थर, मग वर काळपट चढवायचं. म्हणजे माणूस मुळात गुलाबी, आणि आम्ही नंतर मळलेलो. असंच ना?"

"मला असंच शिकवलं."

"आणि तुम्ही तेच आमच्या गळ्यात मारलंत."

मास्तर कण्हत उठले. सिद्रामचं मनगट धरून त्यांनी त्याचा पालथा हात खिडकीतल्या उन्हात नेला.

"काय दिसतं?"

"काळा हात."

"बघ."

सिद्रामनं हात उन्हात फिरवला.

"वर निळसर आहे. सांध्यांवर जांभळं. शिरेपाशी हिरवट..."

"गुलाबी?"

"कुठंच नाही."

"मग खरवडून काढ सगळं. बाप डोळ्यांसमोर आहे तोवर नव्यानं रंगव."

"हे ठाऊक होतं, तर तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मी पुस्तकात बघायचो."

सिद्रामला हसूही येईना. त्यानं मास्तरांच्या खाटेच्या वर टांगलेल्या चित्राकडे बोट केलं. दुधी गळ्याची, गुलाबी गालांची बाई.

"ह्या कोण?"

"माझी बायको. गेली."

"एवढ्या गोऱ्या होत्या?"

"छे."

"मग कशा होत्या?"

मास्तर चित्राकडे बघत राहिले.

"जन्मभर हीच रंगवली रे. आता तिचा चेहरा आठवत नाही."