येत नाही म्हणायचा दगड

तोंड ठणकतंय, बोलवत नाही, तरी पाहुणे आले की सगळे माझ्याकडेच धाडतात. बसा आता, आणि मधे बोलू नका.

खिंडीतला हा पसरट दगड बघा. भोवती वाकड्यातिकड्या मडक्यांचा ढीग, वर घोंगड्यांच्या चिंध्या. कचरा नाही तो. पाय लावू नका.

फार मागं खिंडीच्या वर धनगरवाडी होती, खाली कुंभारवाडी. घोंगडी खाली यायची, मडकी वर जायची, कुणाचं अडत नव्हतं. मग बिरू धनगर आणि गोंदा कुंभार यांचं याच दगडापाशी वाजलं. चिखल फिरवायला काय अक्कल लागते, बिरू म्हणाला. लोकर आडवीउभी घालायला तरी काय लागते, गोंदा म्हणाला. दोघांनी दगडावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात: जोवर मला येतंय, तोवर तुझं घेणार नाही. शहाणे कुठले.

गोंदा घोंगडं विणत बसला, चाक बंद पडलं. बिरू मडकी थापत बसला, मेंढरं लांडग्यांनी नेली. एवढं करून मडकं आव्यात भाजताना तडकायचं आणि घोंगड्यातून वारा शिरायचा. हातचं गेलं आणि नवं काही आलं नाही. वाडी असो की मुलूख, सगळं मीच करीन म्हणणाऱ्याचं हेच होतं. पण सांगतोय कुणाला.

पौषात गोंदाच्या बायकोला, ठकूला, मुलगी झाली. थंडीनं पोर निळी पडायला लागली. बापाचं घोंगडं घातलं काय, न घातलं काय. ठकूनं ते उचलून नवऱ्याच्या अंगावर फेकलं. "शपथ तुमची आहे, पोर माझी आहे. जा वर."

गोंदा खिंडीत पोचला तर समोर बिरू. वाडीत पाणी भरायला धड भांडं उरलं नव्हतं, म्हणून तोही गळकं मडकं घेऊन निघालेला. मग गोंदानं घोंगडं दगडावर ठेवलं. "बिरा, मला येत नाही."

"मला तरी कुठं येतंय," बिरू म्हणाला, आणि खांद्यावरचं घोंगडं काढून त्याला दिलं.

शपथ तिथंच सुटली. पोर जगली. ते गळकं मडकं त्यानंतर कधी गळलं नाही म्हणे; मी पाहिलेलं नाही.

आजही पौषाच्या अमावस्येला वरचे आपल्या हातानं एक मडकं करतात, खालचे वीतभर घोंगडं विणतात. दगडावर ठेवून 'मला येत नाही' म्हणतात, मगच अदलाबदल होते. दोन्ही वाड्या म्हणतात. एकच माणूस म्हणत नाही. डॉक्टर कशाला, मी आहे की, असं म्हणत त्यानं पक्कड आणली आणि माझा हलता दात ठेवून शेजारचा धड दात उपटला. अजून माफी मागायला आलेला नाही. खाली उतरताना उजव्या हाताचं तिसरं घर, धोंडू शेलार.