नथू डोहाची शिस्त शिकतो

एका गावात, नदीच्या अगदी काठाला, नथू नावाचा एक भोळा भोई राहत होता. ‘भोळा’ हा शब्द गावाने सभ्यपणा म्हणून वापरला होता. आईबाप लवकर गेले, म्हणून दगडूमामाने त्याला वाढवलं. सांगितलेलं जसंच्या तसं करायचं, हा नथूचा गुण. दुसरा नव्हता.

पलीकडच्या गावच्या पिराजी पंचांची कौशी मामाने त्याच्यासाठी मागितली. पिराजी अंगाने एवढेसे, नथूच्या कमरेला लागतील इतके. पण शिस्तीला कडक. म्हणाले, "घरदार नाही बघत मी. पोरगा डोहावर नीट वागतो का, तेवढं बघेन. पाण्याशी आडमुठा, तो बायकोशीही आडमुठा."

नथूचा जीव कौशीवर जडला होता. जत्रेत तिने त्याला अर्धा पेरू दिला होता. तो त्याने अजून खाल्ला नव्हता, कारण ती "ठेव" म्हणाली होती.

मामा शिकवायला बसला. गळ पाण्यात पडताच नथू आनंदाने ओरडला. मामाने त्याचं तोंड दाबलं.

"डोहावर ओरडू नये रे. मासे पळतात. हळूच बोलावं."

"बरं, मामा."

दुपारी मामा होडीत डुलकी घेत होता. दोर सुटला. होडी निघाली. नथू काठाकाठाने चालत कुजबुजत राहिला, "मामा, तुम्ही चाललात." मामा बंधाऱ्यावर आपटला तेव्हा जागा झाला.

"अरे शहाण्या," निथळणारा मामा म्हणाला, "माणूस पाण्यात दिसला तर बोलत बसू नये. धरून बाहेर ओढावा!"

"मग आधीच सांगायचं ना."

दुसऱ्या दिवशी जोशीबुवा नाक धरून नदीत बुडी मारत होते. नथूने त्यांना शेंडी धरून बाहेर ओढलं. धोतर नदीतच राहिलं. घाटावर बायका धुणं धूत होत्या. बुवा तेव्हापासून घरीच अंघोळ करतात.

मामाने कपाळ बडवून घेतलं. "आधी विचारावं! म्हणावं, ‘खुशीने आलात का?’ मग हात लावावा."

संध्याकाळी नथूच्या गळाला बोटाएवढा मासा लागला. नथूने त्याला नमस्कार करून विचारलं, "खुशीने आलात का?" मासा नुसतीच तोंडाची उघडझाप करू लागला. नथू कान लावून बसला.

"माशाला काय विचारतोस!" मामा ओरडला, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "जीव लहान असला तर ठेवून घेऊ नये. हात ओले करावेत, अलगद उचलावा, न फेकता पाण्यात सोडावा. पुढल्या साली मोठा होऊन येतो."

"हे आवडलं," नथू म्हणाला.

शेवटी पिराजी आले. नथू डोहावर गप्प बसला होता. गळ टाकला तोही आवाज न करता. पिराजी खूश झाले. "पोरगं शिस्तीचं आहे, दगडू. लग्नाचं पक्कं समज." आणि कौतुकाने ते अगदी नथूजवळ जाऊन उभे राहिले.

नथूने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. मग वाकून हात ओले केले. जावई हात धुऊन पाया पडणार, असं वाटून पिराजींनी आशीर्वादाला हात उचलला.

नथूने त्यांना अलगद उचललं. न फेकता पाण्यात सोडलं.

"मेलो! वाचवा!" पिराजी ओरडले.

"श्श," नथू म्हणाला. "मासे पळतील."

"नथ्या, ओढ त्यांना बाहेर!" मामा धावत आला.

नथूने वाकून आधी विचारलं, "खुशीने आलात का?" पिराजींच्या तोंडात पाणी होतं. त्यांची नुसतीच उघडझाप चालली होती.

"काळजी करू नका, मामा," नथू हळूच म्हणाला. "पुढल्या साली मोठे होऊन येतील. तेव्हा करू लग्न. तोवर मी पेरू ठेवतो."