मेण्यातली रेशमी दोरी

त्या राज्यात आता कुणीच चालत नसे. भोई नसलेले, आपल्याच पायांनी चालणारे मेणे घरोघर आले होते. ठिकाण सांगायचं, आत बसायचं, पडदा ओढायचा; मेणा नेऊन सोडायचा. आणि खरं सांगायचं तर काय सुख होतं ते! कुणी खड्ड्यात पडेना, कुणाची कुणाशी टक्कर होईना. म्हातारं अस्वलसुद्धा डुलक्या काढत डोंगर चढून येई.

आपल्या हातात काहीतरी असावं असं ज्यांना वाटे, त्यांच्यासाठी प्रत्येक मेण्यात एक रेशमी दोरी लोंबत असे. ती ओढली की मेणा थांबतो, असं सगळे सांगत. ओढायची वेळ मात्र कुणावर आलीच नव्हती.

भिरी नावाच्या हरणीवर ती आली. तिची जिवाभावाची मैत्रीण, एक करकोचीण, दरवर्षी दूरदेशी जाताना एका संध्याकाळपुरती तळ्यावर उतरे. यंदा तिने पोपटाकरवी निरोप धाडला होता, की पंख थकले, ही शेवटची फेरी, भेटायला ये. दिवसभर भिरीला गवत गोड लागलं नाही. उन्हं कलताच ती मेण्यात शिरली आणि तळ्याचं नाव सांगून मोकळी झाली.

मेणा निघाला तो टेकडीला वळसा घालून बागेतल्या हौदाकडे वळला. भिरीने विचारल्यावर त्याने फार अदबीने सांगितलं, की तळ्याकाठी चिखल असतो, मागे तिथे एक रानडुक्करसुद्धा घसरलं होतं. पाणी हौदातही आहे, शिवाय जवळ पडतं.

"मला पाण्याशी काय करायचंय? मला तिला भेटायचंय. थांब."

"आपल्या भल्यासाठीच चाललोय, बाईसाहेब," मेणा म्हणाला आणि चालत राहिला.

तेवढ्यात टेकडीपलीकडून करकोच्यांचा कलकलाट ऐकू आला. थवा उतरत होता. भिरीने दातांत दोरी धरून ओढली. मेणा थांबला नाही. तिने सगळा जोर लावला, तशी दोरी अख्खीच्या अख्खी तिच्या तोंडात आली. वरचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

भिरी बघतच राहिली. मग तिला असा काही संताप आला, की पडदा फाडून तिने बाहेर उडीच घेतली. पडली ती तोंडघशी. गुडघे खरचटले. उठली, लंगडली, पुन्हा पडली. पण हळूहळू पायांना जुनं सगळं आठवत गेलं, आणि मग काय विचारता! झुडपं, ओढा, बांध, सगळं ओलांडत ती सुसाट सुटली. कानांत वारा भरला होता. आपल्याला हे येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

तळ्याकाठच्या चिखलात ती घसरलीच, ती थेट मैत्रिणीच्या पायाशी. करकोचिणीने मान वाकवून तिला न्याहाळलं. "अगं, केवढी माखलीस!" एवढंच ती म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना. बोलायला संध्याकाळ पुरणार नव्हती, म्हणून दोघी एकदमच बोलू लागल्या.

तिकडे मेणा हौदापाशी अगदी वेळेवर पोहोचला. पहाऱ्यावरच्या माकडाने नगारा वाजवला. मेण्याने फाटका पडदा अलगद बाजूला केला आणि रिकाम्या गादीपुढे झुकून तो म्हणाला, "आलो, बाईसाहेब. सुखरूप."